साखरही आणि किडनीही: म्हाताऱ्या मांजराच्या वाटीत काय घालायचं?

आमचा गोट्या १३ वर्षांचा बोका. मधुमेह कळून आठ महिने झाले होते, इन्सुलिनची घडी जरा बसत होती, आणि तेवढ्यात रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात वाढतं ते) २.१ आलं. मधुमेहाचं पथ्य म्हणजे भरपूर प्रथिनं आणि कर्बोदकं जवळजवळ नाहीतच. किडनीसाठी जे तयार अन्न मिळतं त्यात फॉस्फरस कमी, प्रथिनं बेताची, आणि कमी झालेल्या प्रथिनांच्या जागी तांदूळ नाहीतर मका. एकाचं पथ्य ते दुसऱ्याचं कुपथ्य. तुमच्या घरीही असं मांजर असेल आणि दुकानात हातात दोन पाकिटं घेऊन तुम्ही उभे असाल, तर पुढचं तुमच्यासाठी लिहिते आहे.

आधी रिपोर्ट, मग पाकीट

नुसतं "किडनीची सुरुवात आहे" एवढ्यावर अन्न ठरवू नका. मांजराच्या किडनीच्या आजाराचे टप्पे आयरिस या संस्थेच्या मोजपट्टीवर ठरतात. क्रिएटिनिन १.६ च्या खाली असेल तर पहिला टप्पा, १.६ ते २.८ दुसरा, २.९ ते ५ तिसरा आणि त्यापुढे चौथा. जोडीला एसडीएमए नावाची रक्ताची तपासणी होते, तीही किडनीचं काम दाखवते, पण स्नायूंवर अवलंबून नसते. ती का करायची, तर क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. मधुमेहात सुकलेल्या मांजराच्या अंगावर स्नायूच उरलेले नसतात, त्यामुळे त्याचं क्रिएटिनिन आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं.

आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. रक्तातला फॉस्फरस किती? दुसऱ्या टप्प्यात तो ४.६ च्या आत ठेवायचा असतो. लघवीतून प्रथिनं जातायत का? त्या चाचणीचं गुणोत्तर ०.२ च्या खाली असेल तर उत्तम, ०.४ च्या वर असेल तर काळजी. आणि रक्तदाब. गोट्याचा फॉस्फरस ४.४ होता आणि गुणोत्तर ०.१५. आमचा निर्णय या दोन आकड्यांवर झाला. क्रिएटिनिन तेच असतं पण हे दोन आकडे वेगळे असते, तर मी वेगळं पाकीट घेतलं असतं.

ओलं की कोरडं

माझ्या मते हा प्रश्न कुठल्याही ब्रँडच्या आधी येतो. कोरड्या दाण्यांत पाणी सुमारे १० टक्के, ओल्या अन्नात ७५ ते ८२ टक्के. साखर वाढलेलं मांजर लघवीतून पाणी घालवतं, आणि किडनी थकलेलं मांजरही. दोन्ही असलेलं मांजर दिवसभर पाण्याच्या भांड्यावर असतं, तरी आतून कोरडंच राहतं.

कर्बोदकांचं गणित पाकिटाच्या मागे असतं, फक्त ते आपल्याला मांडावं लागतं. मी औषधांच्या बिलाच्या पाठीवर मांडलं होतं. १०० मधून पाणी, प्रथिनं, चरबी, तंतू आणि राख (म्हणजे अन्नातली खनिजं) वजा करा, उरतील ती कर्बोदकं. राखेचा आकडा छापलेला नसेल तर कोरड्यात ८ आणि ओल्यात २ धरा. मग प्रथिनं आणि कर्बोदकं यांच्या प्रत्येक ग्रॅमला साडेतीन कॅलरी, चरबीच्या ग्रॅमला साडेआठ.

माझ्याकडच्या कोरड्या पाकिटावर प्रथिनं ३०, चरबी १०, तंतू ४, पाणी १०. राख ८ धरली की कर्बोदकं उरली ३८. म्हणजे जवळपास ४१ टक्के कॅलरी पिठातून! पाऊचवर प्रथिनं १०, चरबी ४.५, तंतू ०.५, पाणी ८१.५. राख २ धरून कर्बोदकं दीड ग्रॅम, कॅलरीत ७ टक्क्यांच्याही खाली. मधुमेही मांजरासाठी साधारण १२ टक्क्यांच्या आत राहा असं सांगतात. पाकिटावरचे आकडे किमान-कमाल असतात, त्यामुळे हा अंदाजच, पण ४१ आणि ७ मधला फरक ओळखायला तेवढा पुरे. पाऊचमध्येही ग्रेव्हीवाल्यात पीठ नाहीतर साखर असू शकते, म्हणून मी मूस (मऊ लगद्यासारखं) किंवा घट्ट वडीसारखं मिळतं ते घेते.

मधुमेहाचं खास अन्न

हिल्सचं एम/डी, प्युरिनाचं डीएम, रॉयल कॅनिनचं डायबेटिक या जातीचं अन्न. साखरेसाठी चांगलं. मधुमेह नवा असेल तर कमी कर्बोदकांचं अन्न आणि नीट इन्सुलिन यांच्या जोरावर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंही, म्हणून हा पर्याय मोहात पाडतो. पण एकाच नावाच्या ओल्या आणि कोरड्या अन्नात फरक असतो, कोरड्यात कर्बोदकं जास्त. आणि मांस जास्त म्हणजे फॉस्फरसही जास्त. किडनी अजून पहिल्या टप्प्यात असेल तर हे चालून जाईल. दुसऱ्या टप्प्यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आपल्याकडे ओल्या रूपात हे मिळवायला दुकानं पालथी घालावी लागतात, ते वेगळंच.

किडनीचं खास अन्न

रॉयल कॅनिनचं रीनल, हिल्सचं के/डी, फार्मिनाचं व्हेट लाइफ रीनल. किडनीच्या अन्नावरची मांजरं जास्त काळ जगतात असं अभ्यासांत दिसलेलं आहे, तेव्हा "ते नुसतं पीठ आहे" म्हणून झटकून टाकू नका. या अन्नाची खरी ताकद कमी फॉस्फरसमध्ये आहे. १०० कॅलरीमागे साधारण १०० ते १५० मिलीग्रॅम, तर साध्या पाऊचमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पटही असू शकतो. शिवाय ओमेगा-३ आणि पोटॅशियम घातलेलं असतं.

अडचण दोन ठिकाणी. कर्बोदकांमुळे इन्सुलिन वाढवावं लागू शकतं, विशेषतः कोरडं दिलं तर. आणि प्रथिनं कमी पडली की आधीच सुकलेलं म्हातारं मांजर आणखी सुकतं. गोट्याच्या पाठीचे मणके हाताला लागायला लागले होते, आणि मला नेमकी त्याचीच भीती होती. तरीही फॉस्फरस ४.६ च्या वर असेल, लघवीतून प्रथिनं जात असतील किंवा टप्पा तिसरा असेल, तर मी काही न बोलता किडनीचं अन्नच निवडेन, शक्य तर ओलं, आणि साखर इन्सुलिनने सांभाळेन. वाढलेल्या साखरेवर इन्सुलिनचा उपाय आहे, गेलेली किडनी मात्र परत येत नाही.

मांजर ओल्याला तोंडच लावत नसेल आणि कोरडं रीनल आवडीने खात असेल, तर तेच द्या. उपाशी मांजराला कुठलंच पथ्य उपयोगाचं नाही. दोन-तीन दिवस अन्न गेलं नाही तर मांजराच्या यकृतात चरबी साठते, आणि ते दुखणं जीवावर बेततं.

घरचं

माझी आई रत्नागिरीची. तिच्या माहेरी मांजरं भात-मासळीवर आणि दूध-पोळीवर वाढली. गोट्या वाटीकडे पाठ करून बसला की ती म्हणते, "अगं, जरा सुकट घाल वर, जीव कासावीस झालाय त्याचा." तिचं मन मला कळतं. पण सुकटीत मीठ, आणि काट्याकुट्यांसकट खाल्लेल्या मासळीत फॉस्फरस भरपूर, कारण हाडं म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरसच. मांदेली, बोंबलाचं डोकं, सगळ्याचं तेच. दूध-पोळीत दुधातली साखर आणि गव्हाचं पीठ. कालवणातला मासा धुऊन देणंही नको, कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात.

उकडलेलं बिनहाडाचं चिकन हा खरा मोह. कर्बोदकं शून्य, आणि हाड नसल्यामुळे फॉस्फरसही आवाक्यात. पण त्यात कॅल्शियम नाही, आणि उकडलेल्या पाण्यात टॉरिन हे मांजराला लागणारं पोषकद्रव्य निघून जातं. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय आणि डोळे खराब होतात, हे १९८७ पासून पक्कं माहीत आहे. म्हणून रोजचं जेवण चिकनवर नको. पशुआहारतज्ज्ञाकडून ग्रॅममध्ये लिहून घेतलेली कृती आणि पूरक पावडर असेल तरच घरचं पूर्णवेळ द्या.

घरातली एक गोष्ट मात्र मी मनापासून सुचवेन: उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. १०० ग्रॅममध्ये ११ ग्रॅम प्रथिनं आणि फॉस्फरस जेमतेम १५ मिलीग्रॅम. पिवळ्यात मात्र तो ४०० च्या आसपास, त्यामुळे पिवळं आपण खायचं. पांढरं किसणीवर किसून पाऊचमध्ये कालवलं की गोट्याला पत्ताही लागत नाही. चमचा-दीड चमचाच, अन्नाचा तोल बिघडेल इतकं नाही.

साधा पाऊच, पण निवडून

आम्ही इथे थांबलो. कर्बोदकं १० टक्क्यांच्या आत, फॉस्फरस शक्य तेवढा कमी. फॉस्फरस पाकिटावर नसतो, कंपनीला मेल करून १०० कॅलरीमागे किती असं विचारायचं. दोन कंपन्यांनी उत्तर दिलं, एकीने दिलं नाही, तिचं पाकीट मी सोडलं. घटकांत सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेटसारखं मीठ दिसलं तरी सोडते. असा वरून घातलेला फॉस्फरस मांसातल्या फॉस्फरसपेक्षा झटकन रक्तात जातो आणि किडनीला जास्त जड पडतो. पाकिटावर "संपूर्ण आहार" आहे ना, हेही बघा. पुष्कळ पाऊच नुसते वरून घालायचे असतात.

चार किलोच्या मांजराला दिवसाला २०० कॅलरींच्या आसपास लागतात, म्हणजे तीन-चार पाऊच. कोरड्याच्या कितीतरी पट खर्च, हे मी लपवणार नाही. तेवढं जमत नसेल तर अर्धं ओलं आणि अर्धं कोरडं रीनल हा अगदी मानाचा मध्यम मार्ग आहे, फक्त रोज तेच प्रमाण ठेवा, म्हणजे इन्सुलिनचा अंदाज चुकणार नाही.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. इन्सुलिन चालू असताना कोरड्यावरून ओल्यावर एका दिवसात उडी मारू नका. कर्बोदकं गेली की तेच इन्सुलिन जास्त होतं आणि साखर धोक्याच्या खाली जाते. आम्ही दहा दिवस लावले. डॉक्टरांनी आधीच डोस दोन युनिटांवरून एकावर आणला. रोज सकाळी कानाच्या कडेला टोचून साखर बघत होते. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतं, हे डॉक्टरांशी बोलताना सांगावं लागतं. चौथ्या दिवशी दुपारी गोट्या उठला आणि मागचे पाय लटपटले. मी हिरड्यांना मध चोळला, पोटात अन्न घातलं आणि रिक्षा केली. मधाची बाटली तेव्हापासून फ्रिजवरच असते.

पाऊच फ्रिजमधून काढून थेट देऊ नका. वाटी गरम पाण्याच्या परातीत पाच मिनिटं ठेवली की वास सुटतो. थंड असेल तर गोट्या वाटीभोवती फरशी खरवडतो, माती ओढून झाकल्यासारखी. कोमट केलं की मान खाली घालून खातो आणि शेवटी वाटी भिंतीपर्यंत ढकलत नेतो.

पाच आठवड्यांनी फॉस्फरस ४.२, क्रिएटिनिन २.० आणि वजन ३.६ वरून ३.९ किलो. दर रविवारी वजन करते. पुढच्या तपासणीत फॉस्फरस ४.६ ओलांडला तर अन्नात कालवायची फॉस्फरस बांधणारी पावडर सुरू करायची, आणि क्रिएटिनिन २.९ ला टेकलं तर ओलं रीनल मुख्य करायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. मळमळत असताना नवं अन्न पुढे केलं की मांजर त्याचा कायमचा तिटकारा धरतं. म्हणून बुधवारी आणि शनिवारी, तो ठणठणीत असतानाच, चमचाभर रीनल त्याच्या पाऊचमध्ये मिसळते. परवा त्याने ते आधी खाल्लं.