ऑडी ए४ क्वाट्रो की बीएमडब्ल्यू ३३०आय एक्सड्राइव्ह?
शिकागोच्या बर्फात चालवायची म्हणून याच दोन गाड्या बघत होतो. (क्वाट्रो आणि एक्सड्राइव्ह ही दोन्ही कंपन्यांच्या ऑल व्हील ड्राइव्हची, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या सिस्टीमची नावं.) दोन्हीत २ लिटर टर्बो पेट्रोल, पॉवर पण जवळपास सारखीच, बीएमडब्ल्यू २५५ हॉर्सपॉवर आणि ऑडी २६१, पण चालवताना फरक लगेच कळतो. बीएमडब्ल्यूची ताकद मुळात मागच्या चाकांकडे जाते, गरज पडली की पुढे पाठवते, त्यामुळे वळणावर गाडी अशी काही वळते ना, मजा येते राव! ऑडीचं उलटं, तिची क्वाट्रो अल्ट्रा सिस्टीम साध्या रस्त्यावर पेट्रोल वाचवायला मागच्या चाकांना ताकद देणं चक्क बंद करते आणि घसरायच्या आधीच परत सुरू करायला बघते. बर्फात एकदम शांत, सरळ. आतलं फिनिशिंग पण मला ऑडीचंच आवडलं. गिअरबॉक्स मात्र बीएमडब्ल्यूचा ८ स्पीडवाला, ट्रॅफिकमध्ये लोण्यासारखा, म्हणून मी तर ३३०आयच घेईन. आणि विंटर टायर घ्याच प्लीज, ऑल व्हील ड्राइव्ह गाडी बर्फातून बाहेर काढायला मदत करतं, ब्रेक मारल्यावर थांबवायला नाही. भारतात घेणाऱ्यांनी नीट बघा हां, तिकडे २०२१ ला आलेली ए४ फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे ताकद फक्त पुढच्या चाकांना, क्वाट्रो नाही.