‘गॅस संपलाय’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला आधी हे विचारा

एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत असतो. आतल्या कॉइलमध्ये खोलीतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते, बाहेरच्या युनिटमध्ये ती उष्णता टाकून तो पुन्हा द्रव होतो आणि यंत्र चालेल तितकी वर्षं हेच चक्र सुरू राहतं. पेट्रोलसारखा तो जळून जात नाही. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतोय, एवढाच त्याचा अर्थ. एवढी एक गोष्ट आम्हाला कोणी वेळेवर सांगितली असती, तर नव्या एसीच्या जवळपास निम्म्या किमतीएवढे पैसे वाचले असते.

आमचा एसी दीड टनाचा, इन्व्हर्टर, आईच्या खोलीत बसवलेला. तिला दम्याचा त्रास आहे, उकाडा अजिबात सोसत नाही. त्यामुळे थंडावा कमी झाला की चार ठिकाणी चौकशी करत बसायला आम्हाला सवड नसते. फसवणाऱ्याला नेमकी ही निकडच हवी असते. तो दारात आल्यावर आधी यंत्राकडे बघत नाही, घरात आजारी, म्हातारं किंवा तान्हं कोण आहे ते बघतो.

उन्हाळा लागला आणि खोली थंड होईना, म्हणून एका सर्व्हिसिंगवाल्या कंपनीला फोन केला. दोघे जण आले, बाहेरच्या युनिटला गेज (गॅसचा दाब दाखवणारं काट्याचं यंत्र) लावला आणि म्हणाले, ‘‘मॅडम, गॅस पूर्ण संपलाय. हा बघा काटा.’’ काटा खरंच खाली होता. सिलिंडर जोडला, थोड्या वेळाने गार हवा यायला लागली, बिल दिलं, विषय संपला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. त्यावर उत्तर मिळालं, ‘‘वर्षभरात उतरतोच गॅस, सगळ्यांकडे उतरतो.’’ त्यानंतरच्या खेपेला तर गॅसबरोबर कंप्रेसरही (गॅस दाबून नळ्यांतून फिरवणारा पंप) ‘वीक’ झाल्याचं सांगितलं आणि त्याचा जो आकडा काढला तो ऐकून आईच म्हणाली, राहू दे तो एसी.

त्या काट्याबद्दल सविस्तर सांगते, कारण सगळा डाव त्याच्यावरच चालतो. यंत्र बंद असताना गेजवर दिसणारा दाब गॅस किती आहे हे सांगतच नाही, तो तापमानावर ठरतो. नळ्यांमध्ये थोडा जरी द्रव शिल्लक असला, तरी ३० अंश तापमानाला आर-३२ या प्रकारच्या गॅसचा दाब २६५ पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आसपास दिसणार, मग आत गॅस पाऊण असो वा पूर्ण. यंत्र चालू असताना आर-३२ किंवा आर-४१०ए ला साधारण ११० ते १४० पीएसआय दिसतो, जुन्या आर-२२ ला ६० ते ७०. पण हा दाब गॅस कमी असला तरच उतरतो असं नाही. जाळी धुळीने बुजली, आतला पंखा मंद झाला, कॉइलवर मळ बसला, तरी तो उतरतो. कॉइलवर बर्फही या सगळ्या कारणांनी धरतो. इन्व्हर्टर एसीत तर कंप्रेसरचा वेगच कमी-जास्त होत असतो, त्यामुळे काटाही हलत राहतो.

आणि काटा मुद्दाम पाडताही येतो. बाहेरच्या युनिटवर बारीक नळीची जी झडप असते, ती यंत्र चालू असताना ॲलन-कीने बंद केली की काटा बघता बघता शून्याकडे जातो. एसी एका घरातून दुसऱ्या घरात नेताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करायची ही रीतसर पद्धत आहे, तिला पंप-डाउन म्हणतात. पण हे माहीत नसलेल्या माणसाला तोच काटा दाखवून ‘गॅस शून्य’ म्हणता येतं. नंतर आलेल्या मेकॅनिकने हे आमच्यासमोर करून दाखवलं आणि झडप उघडून काटा परत वर आणला.

हे नंतरचे मेकॅनिक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी गेजला हात लावण्याआधी जाळ्या धुतल्या, मग आत येणारी आणि बाहेर पडणारी हवा थर्मामीटरने मोजली. चांगल्या चालणाऱ्या एसीत या दोन्हींत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असतो, आमच्याकडे त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. मग त्यांनी आतल्या युनिटमागच्या जोडावरचा फोम सोडवला. नटाभोवती तेलकट, काळी धूळ चिकटलेली होती. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही नळ्यांतून फिरतं, त्यामुळे गळतीच्या जागी असा डाग पडतो. साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडे आले.

नळीचं तोंड पसरवून नटात बसवतात, त्याला फ्लेअर म्हणतात. ते फ्लेअर बसवतानाच चिरलं होतं. त्यांनी तेवढा तुकडा कापून नवं फ्लेअर केलं, नायट्रोजनचा दाब देऊन जोड तपासला, पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढला (याला व्हॅक्यूम म्हणतात) आणि सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून युनिटच्या पाटीवर लिहिलंय तेवढाच गॅस भरला. कंप्रेसर ठणठणीत आहे म्हणाले. या सगळ्याचं बिल आधीच्या एका ‘फुल गॅस चार्जिंग’पेक्षा कमी झालं. तेव्हापासून खोली थंड होतेय, गॅस भरावा लागलेला नाही. आधीच्या लोकांनी तो फोम एकदाही उलगडला नव्हता. जोड दुरुस्त झाला असता तर पुढच्या वर्षीचं त्यांचं गिऱ्हाईक गेलं असतं, याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

म्हणून वजनाचा आग्रह धरा. गॅसचा प्रकार आणि वजन बाहेरच्या युनिटच्या पाटीवर छापलेलं असतं. घरगुती स्प्लिट एसीत ते बहुधा किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतं. बिलावर ‘गॅस फुल’ असं लिहून चालणार नाही, किती ग्रॅम भरला ते लिहून घ्या. आर-३२ च्या यंत्रात दुसरा कुठलाही गॅस भरू देऊ नका. गळती शोधायला कोणी ऑक्सिजनचा सिलिंडर जोडू लागला तर तिथेच थांबवा. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो, त्यासाठी कोरडा नायट्रोजनच लागतो.

‘कंप्रेसर गेला’ हे दुसरं महागडं वाक्य. मावशीकडे जुना, इन्व्हर्टर नसलेला एसी आहे. बाहेरचा पंखा फिरायचा, कंप्रेसर घुमायचा पण सुरू व्हायचा नाही. तिला थेट नवा कंप्रेसर सांगितला होता. माझ्या आग्रहावरून त्याच मेकॅनिककाकांनी जाऊन बघितलं, तर कंप्रेसर सुरू करायला मदत करणारा विजेचा छोटा भाग, म्हणजे कपॅसिटर, उतरला होता. त्याच्यावर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो, मीटरवर तो फार कमी आला तर बदलायचा. काही मिनिटांचं काम आणि कंप्रेसरच्या मानाने अगदी किरकोळ खर्च. (स्वतः मात्र उघडू नका, वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठलेला राहतो.) कुठलाही भाग बदलला की जुना भाग मागून घ्या.

नवा एसी बसवताना फसवणूक नळीत होते. नळीचे पैसे दर मीटर लांबीमागे लावतात, म्हणून लांबी स्वतः टेपने मोजा. तांब्याचे पैसे घेऊन ॲल्युमिनियमची नळी टाकतात, तेव्हा फोम चढवण्याआधी कापलेलं टोक बघा. नव्या यंत्रात ठरावीक लांबीपुरता गॅस कारखान्यातूनच भरून येतो, ती लांबी माहितीपत्रकात दिलेली असते. नळी तेवढ्यातच असेल तर ‘जादा गॅस’ म्हणून एक पैसाही देऊ नका. आणि व्हॅक्यूम पंप न लावता नुसता गॅस सोडून नळीतली हवा ‘उडवणारे’ बरेच असतात. आत राहिलेला ओलावा पुढे तेल खराब करतो, आणि दुरुस्तीचा खर्च वॉरंटी संपल्यावर तुमच्या गळ्यात पडतो.

त्या कंपनीला आम्ही सगळी बिलं, पाटीचा फोटो आणि चिरलेल्या फ्लेअरचा फोटो पाठवला. बरीच पत्रापत्री झाल्यावर शेवटच्या बिलाचे पैसे परत मिळाले. आधीच्या बिलांवर वजन लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे ‘गॅस भरला होता, नंतर गळला’ एवढंच त्यांनी कळवलं आणि पुढे उत्तर देणं बंद केलं.

आता मी कोणालाही बोलावण्याआधी फोनवरच विचारते: वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप घेऊन येणार का, आणि गळती सापडली नाही तर गॅस भरणार का? पहिल्याला ‘त्याची गरज नसते’ आणि दुसऱ्याला ‘हो, भरून टाकू’ अशी उत्तरं आली, तर मी दुसरा मेकॅनिक शोधते.