पाचशेच्या स्टॅम्पवर मिटवलेला अपघात: तडजोड करून देणाऱ्यांच्या सेवेचं परीक्षण

गाडीचा आरसा घासतो, मोटरसायकलवाला पडतो, दोघं कपडे झटकतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. पोलिसांत कोणीच जात नाही. आठ-दहा दिवसांनी फोन येतो: "हात सुजी गया भाऊ, चाळीस हजार द्या, नहीते केस करसू." मग कोणीतरी ओळखीचा म्हणतो, अमुक माणूस मिटवून देतो.

असे मिटवून देणारे धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्हीकडे सापडतात. पाटी नसते, दर ठरलेला नसतो. कोर्टाबाहेरच्या टायपिंगच्या टेबलाजवळ चहा पिता पिता व्यवहार होतो. पैशाच्या बदल्यात तीन गोष्टी मिळतात: समोरच्याशी बोलणी, पाचशेच्या स्टॅम्पवरचा कागद आणि नोटरीचा शिक्का. यातली पहिली बरी असते, दुसरी बहुतेक वेळा कच्ची आणि तिसरीवर लोकांचा नको तेवढा विश्वास.

बोलणीचं श्रेय द्यायलाच हवं. समोरच्या गावातले नाना-आप्पा गाठायचे, तापलेल्या पोरांना बाजूला काढायचं, दोन्ही घरच्यांना एका ओट्यावर बसवायचं, हे काम वकिलाच्या नोटिशीने होत नाही. अडचण मोबदल्याची आहे. मध्यस्थाला ठरलेल्या रकमेत टक्का असेल, तर रक्कम खाली आणण्यात त्याला रस कशाला असेल? काही जण दोन्हीकडून घेतात. म्हणून त्याची फी आकड्यात आणि आधी ठरवा, टक्क्यात नको.

मागणीचा आकडा बिलांवरून काढायचा असतो, हे बैठकीत कोणाच्या लक्षात राहत नाही. समजा एक्स-रे, पट्टी आणि औषधं मिळून ३,२०० रुपये, बारा दिवसांची बुडालेली मजुरी ५०० प्रमाणे ६,०००, आणि हँडल, लेगगार्ड, इंडिकेटरचं ४,३००. एकूण १३,५००. त्यावर त्रासाबद्दल काही देणं वाजवी आहे, पण चाळीस हजारांपर्यंतचा प्रवास कोणत्या कागदावरून झाला ते विचारा. शोरूमचं एस्टिमेट म्हणजे बिल नव्हे. काम झाल्यावरचं जीएसटीचं पक्कं बिल मागा आणि बदललेले जुने पार्ट बघायला मागा. समोरच्याने स्वतःच्या विम्यातून दुरुस्ती करून घेतली असेल, तर तेच पैसे आपल्याकडून पुन्हा घेता येत नाहीत.

या सेवेचा सगळ्यात मोठा दोष घाईचा. "आजच मिटवू, उद्या आकडा वाढेल" हे ठरलेलं वाक्य. पण पडताना माणूस हात टेकतो आणि मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड तडकलं, तर पहिल्या एक्स-रेत ते कित्येकदा दिसतच नाही. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल, तर डॉक्टर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली साध्या दुखापतीला ६ महिन्यांपर्यंत, तर गंभीर दुखापतीला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे तिसऱ्या दिवशी 'किरकोळ' म्हणून मिटवलेला अपघात पंधराव्या दिवशी किरकोळ उरत नाही. दुसरा एक्स-रे होईपर्यंत औषधपाण्याचे पैसे पावती घेऊन देत राहा. शेवटच्या रकमेवर सही नंतर.

आता कागद. या टेबलांवरून निघणारा मजकूर साधारण असा असतो: "दिनांक अमुक रोजी झालेल्या अपघाताबाबत माझी कोणाविरुद्ध काही एक तक्रार नाही. मला रक्कम मिळाली. सबब लिहून दिले." त्यात काय नाही ते बघा. गाडीचे नंबर नाहीत, वेळ आणि ठिकाण नाही, दुखापत कोणती ते नाही, रक्कम कशापोटी ते नाही. अशा कागदाचा धारक दोन महिन्यांनी दुसऱ्या मागणीपुढे हात चोळत बसतो, कारण समोरचा सरळ म्हणू शकतो की ते पैसे गाडीचे होते, हाताचे नव्हेत.

धड कागदात दोन्ही वाहनांचे नंबर येतात. जागा ओळखू येईल अशी लिहिलेली असते, म्हणजे 'राष्ट्रीय महामार्ग ५३, पारोळ्याकडून एरंडोलकडे, अमुक पेट्रोल पंपासमोर'. डॉक्टरांच्या केसपेपरचा नंबर आणि त्यावरचं निदान जसंच्या तसं. उपचार, मजुरी आणि गाडी यांच्या रकमा वेगवेगळ्या. आणि एक वाक्य असं, की हे पैसे माणुसकीच्या नात्याने आणि चूक कबूल न करता दिले आहेत. पैसे रोख देऊ नका. बँकेतून पाठवा आणि व्यवहार क्रमांक कागदात लिहा. स्टॅम्प खरेदीची तारीख कराराच्या तारखेनंतरची निघाली, तर तो कागद शंकास्पद ठरतो. घाईत टाईप केलेल्या कागदांत ही चूक होते, म्हणून स्टॅम्पची मागची बाजू वाचल्याशिवाय सही करू नका. जखमी अठराच्या आतला असेल, तर पालकाच्या सहीवर फार भिस्त ठेवू नका. अल्पवयीनाच्या हक्काची तडजोड न्यायालयाच्या परवानगीनेच टिकते.

नोटरीचा शिक्का म्हणजे सही कोणी केली याची खूण. तेवढंच. त्याने फौजदारी गुन्हा मिटत नाही. बेदरकारपणे गाडी चालवल्याचं न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं २७९, तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. गुन्हा नोंदला गेला असेल, तर तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावं लागतं आणि तिथे तडजोडीचा कागद फक्त आधार म्हणून लागतो. "एकदा नोटरी झाली की केस होऊच शकत नाही" असं जो सांगेल, त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

विम्याबद्दल ही मंडळी अर्धं खरं सांगतात. "कंपनी फोनवर पैसे देत नाही" हे खरं. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्या जखमीचा, दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो आणि त्याला पोलिसांचे कागद लागतात. पण "कंपनीला कळवलं की नो क्लेम बोनस जातो" हे चूक. तो बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतल्यावर जातो, थर्ड पार्टीच्या दाव्याने नाही. या एका गैरसमजापायी लोक वर्षानुवर्षं भरलेला विमा असूनही खिशातून पैसे काढतात. शिवाय पॉलिसीच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं, की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, देण्याचं वचनही द्यायचं नाही. मध्यस्थाच्या सांगण्यावरून व्हॉट्सॲपवर "चूक माझीच होती, सगळा खर्च देतो" लिहून बसलात आणि पुढे मोठा दावा आला, तर कंपनी तोच स्क्रीनशॉट पुढे करेल.

नोंद न केल्याचं काय? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात नेणं, २४ तासांत पोलिसांना कळवणं आणि विमा कंपनीला लेखी माहिती देणं ही चालकाची जबाबदारी आहे. जमाव अंगावर येत असेल, तर दवाखान्यात नेण्याबाबत सवलत आहे, कळवण्याबाबत नाही. चुकवलं तर कलम १८७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. मुदत टळली म्हणून गप्प बसण्यापेक्षा उशिरा का होईना, साध्या कागदावर अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कंपनीला ईमेल त्याच दिवशी. आसपासच्या दुकानाचं सीसीटीव्ही आधी मिळवा, त्याचं रेकॉर्डिंगचं यंत्र (डीव्हीआर) थोड्याच दिवसांत जुनं पुसून नवं भरतो.

दमदाटी वेगळी. भरपाई मागणं हा गुन्हा नाही, केस करीन म्हणणंही नाही. पण हातपाय तोडीन किंवा खोट्या गुन्ह्यात अडकवीन असं सांगून पैसे मागितले, तर ती खंडणी, न्याय संहितेचं कलम ३०८. कॉल रेकॉर्ड ठेवा.

टेबलावरच्या सेवेला पाचपैकी दोन. दोन्ही बोलणीचे. कागदासाठी त्याहून चांगली जागा आहे आणि ती फुकट आहे: जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याला विधी सेवा समिती. दावा दाखल होण्याआधीच तिथे अर्ज देता येतो. ते समोरच्याला बोलावतात, दोघांचं जमलं तर लोकअदालतीत निवाडा होतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे त्याला दिवाणी हुकूमनाम्याची किंमत असते आणि त्यावर अपील नाही. पाचशेच्या स्टॅम्पला ही ताकद कधीच येत नाही. उणी बाजू अशी, की समोरचा आलाच नाही तर जबरदस्ती करता येत नाही आणि राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून मोजक्या वेळाच भरते. आमच्या मते बोलणी ओट्यावर करा आणि लिखापढी इथे. माहितीला १५१०० हा क्रमांक आहे.

ज्यांना टेबलावरच मिटवायचं आहे, त्यांनी एवढं तरी करावं. मेडिकलच्या थर्मल बिलावरची छपाई काही महिन्यांत उडते, आणि न्यायाधिकरणात दावा लावायची कायद्यात लिहिलेली मुदत सहा महिन्यांची आहे. कोरी पडणारी बिलं कागदाला टाचू नका. त्यांची झेरॉक्स काढा, प्रत्येक झेरॉक्सवर समोरच्याची सही आणि तारीख घ्या, मगच स्टेपलर मारा.