लक्षद्वीपच्या नावाखाली आमचे पावणेदोन लाख गेले

गेल्या डिसेंबरमध्ये मी आणि माझा दादा लक्षद्वीपला जाणार होतो. मला डायव्हिंग करायचं होतं, त्याला फ्लाय फिशिंग, म्हणजे माशीसारखं हलकं बनावट आमिष फेकून मासे पकडणं. मी तारकर्लीला ओपन वॉटर हा डायव्हिंगचा सुरुवातीचा कोर्स केलाय, १८ मीटरपर्यंत उतरण्याचं कार्ड आहे माझ्याकडे. दादा हिमाचलात तीर्थनच्या खोऱ्यात ट्राउट पकडायला शिकला आणि तेव्हापासून त्याला समुद्रातल्या मोठ्या माशांचा ध्यास लागलाय.

सोशल मीडियावर जाहिरात दिसली: लक्षद्वीपमधलं बंगाराम बेट, पाच रात्री, सहा डाइव्ह, दोन दिवस फ्लाय फिशिंग. माणूस मराठी, पहिल्या फोनपासून 'ताई' म्हणणारा. अंधेरीला ऑफिस आहे म्हणाला. दादरहून अंधेरी लोकलने अर्धा तासही नाही, तरी मी गेले नाही. सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच ठरलं.

आता ते चॅट पुन्हा वाचते तेव्हा एक गोष्ट फार खुपते. त्या माणसाने आम्हाला एकही प्रश्न विचारला नाही. तारकर्लीला पाण्यात पाय टाकण्याआधी फॉर्म भरून घेतला होता: दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, कुठली गोळी चालू आहे का. इथे कार्डाचा नंबर नाही, लॉगबुक (आधीच्या डाइव्हची नोंदवही) नाही, शेवटचं डाइव्ह कधी केलं तेही नाही. मी काहीही विचारलं की उत्तर एकच, "हो ताई, होऊन जाईल."

दादाने त्याला विचारलं होतं, "मी ८ वेटचा रॉड आणतो, पण जीटीसाठी १२ वेटचा तिथे मिळेल का?" फ्लाय फिशिंगमध्ये हा आकडा रॉडच्या वजनाचा नसतो, किती वजनाची दोरी त्यावर चालते त्याचा असतो. जीटी म्हणजे जायंट ट्रेव्हली, त्या ताकदवान माशाला ८ पुरत नाही. त्यावर उत्तर आलं: "सर, वजनाचं टेन्शन नको, विमानात १५ किलो अलाऊड आहे." आम्ही दोघांनी ते वाचलं आणि पुढे गेलो. कामाच्या गडबडीत असेल असं वाटलं.

कार्यक्रमपत्रिकाही तशीच. शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह आणि दुपारी अगत्तीहून कोचीचं विमान. लागोपाठ काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जावे लागतात, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकतं. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. तरी डोळ्यांसमोरचा कागद मी नीट वाचला नाही, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

पैसे असे गेले: ४०,००० ॲडव्हान्स, मग तिकीट आणि हॉटेलचे १,०२,०००, परमिटचे म्हणून २०,०००, शेवटी 'फिशिंग डिपॉझिट' १२,०००. सगळे यूपीआयने, एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर. "अकाउंटंट आहे आमची," असं सांगितलं होतं.

लक्षद्वीपला आपण भारतीय असलो तरी परमिट लागतं, १९६७ च्या नियमांपासून. त्यासाठीचा अर्ज प्रशासनाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर करता येतो, हे मला नंतर कळलं. आम्हाला शिक्का मारलेली पीडीएफ आली आणि आम्ही खूश झालो. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथले फोटो आल्यापासून सगळ्यांनाच तिकडे जायचंय, आणि परमिटची ही भानगड नीट माहीत असणारे कमी. अशा लोकांचं तिथेच फावतं.

तिकीट मात्र खरं होतं. पीएनआर टाकला तेव्हा आमची नावं दिसली, म्हणून तर विश्वास बसला. निघायच्या दोन दिवस आधी वेब चेक-इन करायला गेले तर 'कॅन्सल्ड'. विमान कंपनीने सांगितलं, तिकीट तीन आठवड्यांपूर्वीच रद्द झालंय, रिफंड ज्याने पैसे भरले त्याच्या कार्डावर गेलाय. त्याचा फोन बंद.

त्याच संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. आदल्या दिवशी भरलेले १२,००० बँकेने गोठवले, बाकीचे केव्हाच पुढे सरकले होते. दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या पत्त्यावर गेलो. तिथे झेरॉक्सचं दुकान. दुकानदार म्हणाला, "तुम्ही या महिन्यातले तिसरे." कोटेशनवरचा जीएसटी नंबर २४ ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा २७ ने होतो, २४ म्हणजे गुजरात. पोर्टलवर टाकला तर तो कुठल्याशा कापड दुकानाचा निघाला. दोन मिनिटांचं काम होतं, पण पैसे भरण्याआधी करायचं.

परवा मावसबहिणीने मला एक जाहिरात पाठवली, "ताई, हे कसं वाटतंय?" तोच निळ्या पाण्यातला फोटो, तेच सहा डाइव्ह. फक्त बंगारामच्या जागी आता अंदमानचं स्वराज द्वीप, आणि फोन नंबर नवा. मी मेसेज टाइप करत बसले नाही, तिला लगेच फोन लावला. ती ॲडव्हान्स भरायच्या बेतात होती.