घरातल्या उसनवारीची मुदत: दादरच्या एका वकिली कार्यालयाचा अनुभव

नात्यात दिलेले पैसे मागायला जीभ रेटत नाही आणि या संकोचातच कायद्याची मुदत निघून जाते. माझ्या आत्याने धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या काकांना, दोन वेळा पैसे दिले होते: 2015 मध्ये एक लाख रोख आणि जून 2019 मध्ये चार लाखांचा धनादेश. त्यासंबंधी सल्ला घेण्यासाठी मी तिला 2024 च्या पावसाळ्यात दादर पश्चिमेच्या एका वकिलांकडे घेऊन गेलो. दिवाणी दाव्यांचेच काम करणारे हे छोटे कार्यालय मला मनापासून आवडले.

वकिलांनी भांडणाची हकीकत ऐकण्याआधी पासबुक मागितले आणि धनादेश वटल्याच्या नोंदीखाली पेन्सिलीने रेघ मारली. धनादेशाने दिलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी 1963 च्या मुदत अधिनियमानुसार तो वटल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, हे त्यांनी प्रथम सांगितले. मात्र करोनाकाळात सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता. तो धरून त्यांनी आमच्यासमोर कागदावर हिशोब मांडला आणि चार लाखांची मुदत मे 2024 च्या अखेरीस संपत होती, असे दाखवले. आत्याचा चेहरा उतरला. तेव्हा त्यांनी विचारले, "ताई, मध्यंतरी भावाने काही परत केले होते का?"

केले होते. 2023 च्या भाऊबीजेला काकांनी पंचवीस हजार रुपये दिले होते आणि सोबत स्वतःच्या हस्ताक्षरात, सही करून, "घेतलेल्या चार लाखांपैकी हे पंचवीस हजार, बाकी पुढे देतो" अशी चिठ्ठी लिहिली होती. आत्याने ती निव्वळ मायेपोटी जपून ठेवली होती. मुदत संपण्यापूर्वी अंशतः परतफेड झाली आणि परतफेड करणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी तिची नोंद असली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणजे नोव्हेंबर 2026 पर्यंत आत्याला दावा लावता येतो. तोंडी वायद्यांना असा आधार मिळत नाही, आणि आपण नुसती नोटीस पाठवल्यानेही मुदत वाढत नाही, हे त्यांनी ठासून सांगितले. हा गैरसमज आमच्या ओळखीत सर्रास आढळतो.

2015 च्या रोख लाखाबाबत त्यांनी खोटी आशा दाखवली नाही, आणि सर्वाधिक गुण मी यालाच देईन. तो दावा 2018 मध्येच मुदतबाह्य झाला आहे. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायालयाला असा दावा फेटाळावाच लागतो. आता काकांनी ही रक्कम फेडण्याचे नवे वचन सहीनिशी लिहून दिले, तरच 1872 च्या करार अधिनियमातील कलम 25 नुसार ते वचन बंधनकारक ठरेल. म्हणून दावा लावण्याआधी भावासमोर बसून दोन्ही रकमांचा एकच कागद करून घ्या, असे त्यांनी सुचवले.

आणखी एक गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, त्यामुळे दाव्याची वेळ आलीच तर आत्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही अर्ज करू शकते. स्वतःचे अशील दुसरीकडे जाऊ शकते हे आपणहून सांगणारा वकील विरळाच.

उणीव एवढीच की सल्ल्याचे टिपण मागितल्याशिवाय मिळाले नाही, आणि जुन्या इमारतीला लिफ्ट नसल्याने आत्याला दोन मजले चढावे लागले. शुल्क मात्र सुरुवातीलाच सांगितले होते आणि त्यात वाढ झाली नाही. अशा कार्यालयात जाताना पासबुक, जुन्या चिठ्ठ्या आणि परतफेडीच्या तारखा सोबत न्याव्यात. नात्याची हकीकत थोडक्यात सांगितली तरी चालते.