हंपीत चार महिने: विरूपाक्ष मंदिरालगतच्या साध्या गेस्ट हाउसचा अनुभव

नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत मी हंपीत राहिले, विरूपाक्ष मंदिराला लागून असलेल्या जनता प्लॉट या वस्तीत. विठ्ठल मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवरचे काही मंडप मोजून कागदावर उतरवायचं काम होतं. पैसे बेताचेच होते आणि राहायची सोय माझी मलाच करायची होती. एका रात्रीच्या मुक्कामात चादर धुतलेली होती की नाही एवढंच कळतं. खोली खरी कळते ती थंडी सरून ऊन तापायला लागलं की. आठवडा-महिना राहायचा विचार असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फसगत सांगते. पहिली खोली मी घरबसल्या, फोटो पाहून ऑनलाइन ठरवली होती. फोटोत गच्ची, गच्चीतून दिसणारं गोपुर, खिडकीत झुळझुळीत पडदा. प्रत्यक्षात मिळाली ती तळमजल्यावरची मागची खोली. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या घराची भिंत. विचारलं तर म्हणाले, फोटो वरच्या खोलीचा आहे, ती भरली आहे. दोन रात्री कशाबशा काढल्या, आगाऊ दिलेल्या पैशांतले थोडे सोडून दिले आणि सकाळी पायी फिरून दुसरं घर शोधलं. अर्ध्या तासात पाच खोल्या बघून झाल्या, एवढीच ती वस्ती आहे. त्यामुळे माझा पहिला सल्ला हाच: जास्त दिवस राहायचं असेल तर पहिल्या एक-दोन रात्रीच आधी ठरवा. बाकीचं तिथे जाऊन, खोलीत उभं राहून, नळ सोडून, पंखा लावून ठरवा.

खोल्या लहान का, हे मला हळूहळू कळलं. हंपी १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. १९९९ ते २००६ या काळात तर ती धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत होती. २००२ च्या कायद्याने इथे वेगळं प्राधिकरण आलं, बांधकामावर बंधनं आली. विरूपाक्षासमोरच्या जुन्या बाजारपेठेतल्या मंडपांत पिढ्यान्‌पिढ्या दुकानं आणि घरं थाटून राहिलेल्या लोकांना २०११ मध्ये तिथून हलवलं. तुंगभद्रा नदीपलीकडच्या विरूपापूर गड्डीवरची रिसॉर्टं न्यायालयाच्या निकालानंतर २०२० मध्ये पाडली. या सगळ्यातून मंदिराशेजारी उरली ती ही दाटीवाटीची वस्ती. राहतं घर, वर किंवा बाजूला चार-दोन खोल्या, त्यावरच संसार. इथे प्रशस्त खोली किंवा लिफ्ट मागणं म्हणजे जागा न समजून घेणं आहे. तसं हवं असेल तर सुमारे १३ किलोमीटरवर होसपेटला हॉटेलं आहेत, चारेक किलोमीटरवर कमलापूरलाही सोय आहे. तिथे नक्की जा, वाईट वाटून घेऊ नका.

माझी खोली पहिल्या मजल्यावर होती. साधारण दहा बाय नऊ, एक पलंग, मच्छरदाणी, भिंतीत दोन कोनाडे, संडास-बाथरूम आतच. महिन्याच्या बोलीवर १४ हजार ठरले, वीज-पाणी त्यातच. रोजच्या दराने हिशेब केला असता तर दीडपट झाला असता. टेबल नव्हतं. मी मागितल्यावर घरमालकिणीने, त्यांना मी अक्का म्हणायचे, मुलाचं शाळेतलं जुनं टेबल वर चढवून दिलं. चारही महिने माझी सगळी रेखाटनं त्याच टेबलावर झाली. गीझर नव्हता. परसात चुलीवर तांब्याचा हंडा असे आणि सकाळी सहाच्या सुमाराला खालून हाक यायची, "बिसी नीरू?" गरम पाणी हवं का, एवढाच अर्थ. मी वरून "हूं" म्हटलं की दारात वाफाळती बादली. पाणी मात्र जड. साबणाला फेस येत नाही, महिन्याभरात केस राठ झाले. प्यायला बाहेरून वीस लिटरचा जार घ्यावा लागे.

आता माकडं. हा विषय कुणीही हसण्यावारी नेऊ नका. नदीपलीकडची आनेगुंदी म्हणजे किष्किंधा, तिथली अंजनाद्री टेकडी म्हणजे हनुमंताचं जन्मस्थान, अशी इथली श्रद्धा. त्यामुळे माकडांना कुणी मारत नाही आणि त्यांनाही ते पक्कं ठाऊक आहे. वानरं फारशी वाटेला जात नाहीत, लाल तोंडाची माकडं मात्र खोलीत शिरतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी खिडकीची कडी न लावता खाली भात घ्यायला गेले. पाच मिनिटांत वर आले तर एक मादी टेबलावर बसलेली, पोटाला पिल्लू, हातात केळ्याची फणी. मला बघून ती घाबरली नाही. शांतपणे एक केळं सोललं, साल माझ्या ट्रेसिंगवर टाकली आणि खिडकीतून गेली. जाताना पाय शाईच्या बाटलीला लागला. नऊ दिवसांचं काम गेलं. मी मटकन खाली बसून रडले. अक्का धावत आल्या, काही न बोलता ओल्या फडक्याने टेबल पुसू लागल्या. संध्याकाळी त्यांच्या यजमानांनी खिडकीला कोंबडीची जाळी ठोकली. तेव्हापासून मी खोली बघायला गेले की आधी जाळी बघते, मग पलंग. जाळी नुसती असून भागत नाही, चौकटीला चारी बाजूंनी पक्की हवी. गच्चीवर कपडे वाळत घालायचे तर चिमटे लावून, आणि खाण्याचा वास येणारी पिशवी खिडकीजवळ ठेवायचीच नाही.

गैरसोयी एवढ्या असूनही मी तिथेच का राहिले, ते सांगते. हंपी बघायला येणारी बहुतेक माणसं सकाळी नऊ-दहाला बसने उतरतात आणि सूर्यास्तानंतर परततात. त्यांच्या वाट्याला येते ती गर्दीतली, उन्हातली हंपी. मंदिराशेजारी राहणाऱ्याला दोन्ही टोकांचे तास मिळतात. पहाटे घंटा सुरू झाली की मी पायऱ्या उतरून दोन मिनिटांत देवळात. नऊ मजल्यांचं, जवळपास ५० मीटर उंचीचं ते गोपुर अंधारात आधी नुसतं काळं दिसतं, मग वरच्या टोकाला गुलाबी रंग चढतो आणि हळूहळू खाली उतरतो. देवळाची हत्तीण नदीवर अंघोळीला निघालेली असते, घाटावर बायका कपडे धुत असतात, दारादारात रांगोळ्या पडत असतात. विरूपाक्षाची पूजा अखंड चालू असलेलं हे देऊळ आहे. त्याच्या शेजारी राहिलं की आपण पाहुणे असल्यासारखं वाटेनासं होतं.

याच देवळात मागच्या बाजूला एक अंधारी खोली आहे. भिंतीतल्या लहानशा भोकातून समोरच्या गोपुराची उलटी प्रतिमा आत भिंतीवर पडते. सकाळी धावतपळत आलेल्या लोकांना मी कितीदा तिथून निराश होऊन परतताना पाहिलं, कारण तेव्हा ऊन गोपुराच्या पलीकडच्या अंगावर असतं आणि प्रतिमा फिकी पडते. दुपार कलली, ऊन पश्चिमेच्या अंगावर आलं की तीच ठसठशीत उठते. शेजारी राहत असल्यामुळे मी तीन वाजता चप्पल अडकवून जाऊ शकले. एका दिवसाच्या सहलीत हे जमणं कठीण.

तसंच विठ्ठल मंदिराचं. गाडीने येणाऱ्यांना वळसा घालून यावं लागतं, मग शेवटचा टप्पा बॅटरीच्या गाडीने. जनता प्लॉटवरून मात्र नदीकाठाने सरळ पायवाट जाते, कोदंडरामाच्या देवळावरून, दोनेक किलोमीटर. वाटेत पुरंदरदासांचा मंडप पाण्याकाठी उभा असतो. मी रोज याच वाटेने कामाला जायचे. दगडी रथ ५० रुपयांच्या नोटेवर आल्यापासून त्याच्यासमोर फोटोसाठी रांग असते. गाभाऱ्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. गाभारा रिकामा आहे. संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी विजयनगरहून, म्हणजे इथूनच, पांडुरंग पंढरपूरला परत आणला, अशी आपल्याकडची परंपरा. आषाढीला आईबरोबर पंढरपूरला गेलेली मी, त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर पहिल्या दिवशी उभी राहिले तेव्हा घसा दाटून आला. पुढे चार महिने रोज तिथे डोकं टेकून मगच मोजायची टेप काढली. तिकिटाचं म्हणाल तर एकच तिकीट त्याच दिवशी कमलमहालाच्या परिसरातही चालतं, ते टाकून देऊ नका.

गेस्ट हाउसबद्दलची माझी एकच मोठी तक्रार डिसेंबरअखेरची. नाताळ ते नववर्ष हंपी माणसांनी फुलून जाते आणि खोल्यांचे दर तिपटीवर जातात. अक्कांच्या यजमानांनी मला पाच रात्रींसाठी खालच्या, भांडी ठेवायच्या खोलीत जायला सांगितलं. माझं महिन्याचं भाडं आगाऊ दिलेलं होतं, त्यामुळे मला हे पटलं नाही आणि मी तसं स्पष्ट बोलले. त्यांचं म्हणणं, पावसाळ्यात चार महिने खोल्या रिकाम्या असतात, हे आठ दिवसच आमचं वर्ष काढतात. ते खरंही असेल, पण ठरवताना सांगायला हवं होतं. शेवटी पाच दिवसांचं भाडं माफ झालं आणि मी खाली गेले. अक्का दोन दिवस माझ्या नजरेला नजर देत नव्हत्या. लांब मुक्काम ठरवताना या दिवसांचं आधीच बोलून, कागदावर लिहून घ्या.

जेवणाचा प्रश्न नव्हता. देवळाचं गाव असल्यामुळे मांसाहार आणि दारू नाही. रात्री अक्कांकडे ज्वारीची भाकरी, एणगाई म्हणजे भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. घरी जेवल्यासारखंच. उशिरा परतले तर गॅलरीतून "ऊटा आयता?", म्हणजे जेवण झालं का, ही विचारणा ठरलेली. बाईमाणूस एकटी राहू शकते का, हे मला सगळ्याच मैत्रिणींनी विचारलं. वस्तीत मला एकदाही भीती वाटली नाही. पण मातंग टेकडीवर आणि नदीकाठच्या वाटेवर अंधारात एकटीने जाऊ नये असं अक्कांनी पहिल्याच दिवशी बजावलं, आणि मी ते पाळलं. सूर्योदयाला टेकडीवर गेले तेव्हा प्रत्येक वेळी कुणाच्या तरी सोबतीने गेले.

फेब्रुवारीअखेर खोलीने दुसरं रूप दाखवलं. डोक्यावर उघडा स्लॅब, चहूकडे दगडांच्या टेकड्या. दिवसभर तापलेला दगड रात्री उष्णता सोडतो, त्यामुळे अकरा वाजताही भिंतीला हात लावला तर गरम. गच्चीवर संध्याकाळी पाणी शिंपडायचो, ते घटकाभरात उडून जायचं. वीज गेली की इन्व्हर्टरवर दिवा चाले, पंखा नाही. मुक्कामाचे शेवटचे दहा दिवस मी चटई घेऊन गच्चीवर मच्छरदाणीत झोपले. म्हणून सांगते, नोव्हेंबर ते जानेवारी वरची खोली घ्या, तिथून गोपुर दिसतं. होळीच्या आसपास जाणार असाल तर मात्र जिच्यावर आणखी एक मजला आहे अशीच खोली बघा, देखावा नसला तरी चालेल.

पुढच्या नोव्हेंबरात उरलेल्या दोन मंडपांसाठी परत जायचं आहे. तीच खोली मागितली आहे, २४ डिसेंबर ते २ जानेवारी कमलापूरला राहीन असं आधीच सांगून. परवा अक्कांच्या मुलाने खिडकीचा फोटो पाठवला. कोंबडीची जाळी काढून त्यांनी लोखंडी चौकटीत जाड जाळी बसवली आहे, आणि खाली टेबल जागच्या जागी आहे, शाईच्या डागासकट.