कागद सगळे होते, तरी 4,86,160 रुपये बुडाले

नागपूरच्या इतवारी बाजारात माझं वायर-केबलचं दुकान आहे. दोन बिलं चोख भरायची आणि तिसऱ्याला हात मारायचा, ही रीत मलाही ठाऊक होती. तरी लिहितोय, कारण उधारीवर माल नेऊन मला बुडवणारा माणूस आता दुसरं दुकान हेरत असणार.

पहिलं बिल 38,940, लगेच जमा. दुसरं 71,390, आठवड्यात जमा. मग दिवाळीच्या तोंडावर तांब्याची वायर, 4,86,160 ची, तीस दिवसांच्या उधारीवर. तांबं म्हणजे नगदच, संध्याकाळपर्यंत विकलं जातं.

'तोंड बघून माल दिला का?' असं विचारणाऱ्यांना सांगतो, उधारीचा फॉर्म रीतसर भरून घेतला होता. जीएसटी सर्टिफिकेट, बँक स्टेटमेंट, सिक्युरिटीचा चेक, सगळं. ओळखीचे म्हणून त्यानं दोन व्यापाऱ्यांचे नंबर दिले, तिथेही फोन केला. पहिला नाव ऐकताच म्हणाला, "पाच लाखांची लिमिट आहे, तारीख कधी चुकली नाही." ना वही उघडली, ना मी कोण ते विचारलं. अरे, आपल्या बाजारात अनोळखी माणसानं गिऱ्हाइकाची उधारी विचारली तर आधी "तुम्ही कोण, काहून विचारता?" असंच येतं! दुसऱ्याकडेही तेच पाच लाख, तेच वाक्य. तिथेच थांबायला हवं होतं. पण सीझनची गर्दी, काउंटरवरचा पोरगा सुट्टीवर, आणि आधीची दोन बिलं वेळेत आलेली. कोणीही दिला असता माल.

फॉर्मवर 'प्रा. लि.', म्हणजे कंपनी, आणि शिक्क्यावर 'प्रोप्रायटर', म्हणजे एकट्याचा धंदा. शाई ओली होती, माझ्या अंगठ्याला लागली. "सीए बदल करून देतोय साहेब," म्हणाला. जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर बघत जा. कंपनी असेल तर तिथे 'सी' येतो, याचा 'पी' होता, म्हणजे एकटा माणूस. पोर्टलवर 'ॲक्टिव्ह' दिसलं की आपण खूश! खाली नोंदणीची तारीख असते, रिटर्न कधी भरले तेही दिसतं. याची नोंदणी ऑगस्टमधली आणि कार्डावर 'स्थापना 1998'. स्टेटमेंटमध्ये तर 2 ऑक्टोबरला चेक क्लिअर झालेला. गांधी जयंतीला! हे मुलीनं दाखवलं, माल गेल्यावर.

गाडी त्याचीच आली. गिऱ्हाइकाच्या गाडीत उधारीचा माल भरू नका, आपल्या माणसाला गोदामापर्यंत पाठवा. माल जिथे उतरला ते वाडी भागातलं गोदाम आता रिकामं आहे, शटरवर 'भाड्याने देणे'.

चेक 'खाते बंद' म्हणून परत आला. पोलिसांत गेलो तर म्हणे हा दिवाणी मामला. खोटे कागद पुढे ठेवले तर म्हणे दुकान आमच्या हद्दीत, पण माल उतरला तिकडे, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, व्यवहार झाला तिथे जा. शेवटी अर्ज घेतला, पोच मात्र मागून घ्यावी लागली. बँकेत विचारलं तर खातेदाराची माहिती गोपनीय! चोराची गोपनीयता सांभाळायला सगळे बसलेत, माझ्या पैशांचं कोणी विचारत नाही. वकिलानं एक कामाचं सांगितलं: चेक परतल्याचा मेमो हाती आल्यापासून 30 दिवसांत कलम 138 ची, म्हणजे चेक न वटल्याची नोटीस गेली पाहिजे. पोलिसांच्या भरवशावर ते दिवस घालवू नका.

आणि त्या बिलावरचा 74,160 रुपये जीएसटी मी वेळेत भरला. उधारी बुडाली म्हणून तो परत मिळत नाही. त्यानं मात्र माझ्याच बिलावर क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या जीएसटीतून तेवढी वजावट, उचललं असेल.